कावीळ उतरत नाही, शौचाचा रंग पांढरट झालाय? पित्ताची नळी अडली असेल. दुर्बीण आता बरगडीखालच्या छिद्रातूनही आत जाते

बोर्डी (ता. डहाणू) : पाऊस लागला की आपल्याकडे काविळीचे रुग्ण वाढतात. बोर्डी, घोलवड, झाईपासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत कुणाचे डोळे पिवळे दिसले की सल्ला ठरलेला असतो. माळ घाला, तेल-हळद बंद करा, उसाचा रस प्या, नाहीतर भगताकडे जाऊन उतरवून घ्या. बहुतेकजण बरेही होतात, कारण घाण पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते. गुण मात्र माळेला मिळतो.

अडचण दुसऱ्या काविळीची आहे. ही कावीळ पाण्यातून होत नाही. यकृतातून पित्त वाहून नेणारी नळी कुठेतरी अडते आणि पित्त उलटं रक्तात चढतं. ही कावीळ माळेने उतरत नाही, उसाच्या रसाने उतरत नाही आणि गोळ्यांनीही उतरत नाही. नळी मोकळी करावीच लागते. त्यात वेळ गेला तर नळीत पू होतो, रक्तात विष पसरतं आणि माणूस दोन-चार दिवसांत हातचा जातो.

ही नळी मोकळी करण्यासाठी पूर्वी पोट फाडण्याशिवाय मार्ग नव्हता. आज बहुतेक रुग्णांचं काम तोंडातून दुर्बीण घालून होतं. तिथूनही जमलं नाही तर बरगडीखाली सुईने छिद्र करून यकृतातून नळीपर्यंत पोचता येतं आणि त्याच छिद्रातून बारीक दुर्बीण आत घालून खडा डोळ्यांनी बघत फोडता येतो. हे शेवटचं काम करणारे डॉक्टर म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. नाव अवघड आहे, काम समजायला सोपं आहे.

पित्ताची वाट कशी असते?

यकृत, म्हणजे लिव्हर, उजव्या बरगडीखाली असतं. मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं. ते दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. हे पित्त यकृतातल्या बारीक नळ्यांतून मोठ्या नळीत येतं आणि तिथून लहान आतड्याच्या सुरुवातीला पडतं. वाटेत बाजूला एक छोटी पिशवी आहे, ती म्हणजे पित्ताशय. जेवण नसेल तेव्हा पित्त तिथे साठतं. तेल-तूप खाल्लं की पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते.

वाडीत ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. बारीक नळ्या, त्यांची मोठी पाइप, बाजूला टाकी आणि शेवटी पाणी पडायची जागा. पित्ताची मोठी नळी साधारण ६ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक. तिच्या तोंडाशी स्नायूची एक गोल झडप असते. एवढ्याशा नळीत वाटाण्याएवढा खडा येऊन बसला की मागचं सगळं तुंबतं.

नळी अडण्याची मुख्य कारणं चार. पहिलं, पित्ताशयातला खडा घसरून नळीत येणं. हे सगळ्यांत जास्त दिसतं. दुसरं, नळी आकसणं. जुन्या ऑपरेशननंतर किंवा सूज येऊन गेल्यावर असं होतं. तिसरं, गाठ, ती पित्ताशयाची, नळीची किंवा स्वादुपिंडाची असू शकते. चौथं, यकृताच्या आतल्या नळ्यांतच खडे तयार होणं.

कुठली कावीळ ते कसं ओळखायचं?

पक्कं निदान डॉक्टरच करणार. पण घरच्यांनी काही गोष्टींकडे लक्ष ठेवलं तर वेळ वाचतो.

पाण्यातून होणाऱ्या काविळीत आधी अंग मोडून येतं, मळमळतं, जेवण नको वाटतं, थोडा ताप येतो आणि मग डोळे पिवळे होतात. बऱ्याचदा डोळे पिवळे होईपर्यंत ताप गेलेला असतो.

नळी अडल्यावर चित्र वेगळं दिसतं. लघवी गडद, चहासारखी होते. शौचाचा रंग मातीसारखा किंवा पांढरट होतो. शौचाला नेहमीचा रंग पित्तामुळे येतो. पित्त आतड्यात पोचलंच नाही तर रंग कुठून येणार? त्यात अंगाला खाज सुटते, विशेषतः रात्री. पुरळ दिसत नाही, पण माणूस खाजवून खाजवून बेजार होतो. पाण्याच्या काविळीतही काही दिवस लघवी गडद आणि शौच फिकट होऊ शकतं. म्हणून यातलं एकच लक्षण बघून ठरवू नका. शौच पांढरट राहिलं, खाज वाढत गेली आणि पिवळेपणा दोन आठवड्यांनंतरही उतरायचं नाव घेत नसेल तर सोनोग्राफी करून घ्याच.

सगळ्यांत धोक्याची तीन लक्षणं एकत्र येतात तेव्हा: उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं आणि हुडहुडी भरून ताप येणं. फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्ये ही तिन्ही लक्षणं एकत्र सांगितली. आजही जगभरचे डॉक्टर त्यावरून नळीत पू झाल्याचं ओळखतात. त्यात माणूस बरळायला लागला, हातपाय गार पडले किंवा लघवी कमी झाली तर तासाचाही उशीर नको.

भातशेतीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. चिखलात काम करणाऱ्याला ताप आणि कावीळ एकदम आली तर तो लेप्टो असू शकतो. त्यातही घरी बसून चालत नाही. थोडक्यात, ताप आणि कावीळ एकत्र दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लेप्टो आहे की नळी अडली आहे हे तिथे ठरेल.

सिकलसेल असलेल्या घरांनी हे जरूर वाचा

पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतून पिवळं द्रव्य तयार होतं, त्यामुळे अशा मुलांचे डोळे एरवीही थोडे पिवळसर दिसतात. घरच्यांना त्याची सवय होते.

पण हेच द्रव्य पित्तात जास्त झालं की पित्ताशयात काळे खडे बनतात. सिकलसेलच्या रुग्णांत असे खडे लहान वयातही सापडतात, अगदी शाळेतल्या मुलांतसुद्धा. त्यातला एखादा खडा नळीत उतरला की नेहमीचा पिवळेपणा एकदम वाढतो. घरचे म्हणतात, "याचे डोळे तर नेहमीच पिवळे." आणि तिथेच दिवस वाया जातात.

म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचा पिवळेपणा नेहमीपेक्षा जास्त वाटला, जेवणानंतर उजवीकडे दुखायला लागलं, शौच पांढरट झालं किंवा ताप आला तर थांबू नये. दवाखान्यात गेल्यावर सिकलसेलचं कार्ड आधी दाखवायचं. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. तपासणी झाली नसेल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

आधी कुठल्या तपासण्या होतात?

पहिली रक्ताची. काविळीचा आकडा, म्हणजे बिलिरुबिन, साधारण १ पर्यंत असतो. तो अडीच-तीनच्या पुढे गेला की डोळे पिवळे दिसायला लागतात. नळी अडली असेल तर अल्कलाइन फॉस्फटेज नावाचा आकडाही वाढतो.

दुसरी सोनोग्राफी. यात पित्ताशयातला खडा चांगला दिसतो आणि नळी फुगलीय का तेही कळतं. नळीच्या शेवटच्या टोकाला अडकलेला खडा मात्र सोनोग्राफीत कधी कधी दिसत नाही, कारण मध्ये आतड्यातला वारा येतो. म्हणून "सोनोग्राफीत खडा नाही" एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. नळी फुगलेली असेल तर एमआरसीपी करायला सांगतात. हा एमआरआयचाच प्रकार. त्यात पित्ताच्या सगळ्या नळ्यांचा नकाशा दिसतो आणि अडथळा कुठे आहे ते समजतं.

तिसरी तपासणी रक्त गोठण्याची. पित्त आतड्यात गेलं नाही की के जीवनसत्त्व अंगाला लागत नाही आणि रक्त उशिरा गोठतं. अशा माणसाला सुई घातली तर रक्त थांबत नाही. म्हणून आधी इंजेक्शन देऊन ते सुधारून घेतात. डॉक्टर एक दिवस थांबवतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

पहिली वाट : तोंडातून दुर्बीण

याला ईआरसीपी म्हणतात. रुग्णाला गुंगीचं औषध देतात. लवचिक दुर्बीण तोंडातून जठरात आणि तिथून लहान आतड्यात जाते. पित्तनळीचं तोंड दिसलं की त्यात बारीक नळी घालून औषध सोडतात आणि एक्स-रेवर नळीचं चित्र बघतात. मग झडपेला छोटा छेद देऊन खडा जाळीच्या टोपलीत किंवा फुग्याने ओढून आतड्यात पाडतात. नळी आकसली असेल तर आत स्टेंट ठेवतात.

पित्तनळीच्या तोंडात दुर्बिणीतून नळी घालण्याचं काम अमेरिकेतले सर्जन विल्यम मॅक्यून यांनी १९६८ मध्ये जगापुढे मांडलं. तेव्हा फक्त चित्र बघता यायचं. झडपेला छेद देऊन उपचार करण्याची पद्धत १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमधल्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे दाखवली. तिथून तपासणीची दुर्बीण उपचाराची झाली.

मुंबईचाही यात वाटा आहे. पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याची शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात केली. पोटावरचा वीतभर टाका जाऊन तीन-चार बारीक छिद्रं आली. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीचे उपचार करणारे मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली.

इथे एक गोंधळ होतो. पित्ताशय काढण्याची दुर्बीण वेगळी आणि नळीतला खडा काढण्याची दुर्बीण वेगळी. नळीतला खडा काढला तरी पित्ताशयातले खडे तसेच राहतात आणि पुन्हा खाली उतरू शकतात. म्हणून ईआरसीपीनंतर डॉक्टर पित्ताशयाचं ऑपरेशन सांगतात. "एकदा दुर्बीण झाली, आता परत कशाला?" असं म्हणून पुष्कळजण ते टाळतात आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच दुखणं घेऊन येतात.

दुसरी वाट : बरगडीखालून

तोंडातून गेलेली दुर्बीण प्रत्येक वेळी पोचतेच असं नाही. आधीच्या ऑपरेशनमध्ये आतडं कापून वेगळ्या ठिकाणी जोडलेलं असेल तर दुर्बिणीला नळीचं तोंड सापडत नाही. गाठीमुळे वाट बंद असते. खडा फार मोठा असतो, किंवा यकृताच्या आत इतका वर असतो की खालून तिथे हात पोचत नाही.

ठिबकची लॅटरल चोक झाली की शेतकरी आधी शेवटची टोपी काढून नळी धुतो. तेवढ्याने भागलं नाही तर वरच्या बाजूने नळीला टोचून तिथून मोकळी करतो. इथेही तसंच आहे. खालून जमत नाही तर वरून यायचं.

या वरच्या वाटेला पीटीबीडी म्हणतात. रुग्णाला टेबलावर झोपवून उजव्या बरगड्यांमधली किंवा बेंबीच्या वरची जागा बधिर करतात. सोनोग्राफीवर बघत बारीक सुई यकृतातून फुगलेल्या पित्तनळीत घालतात. सुईतून तार आणि तारेवरून बारीक प्लास्टिकची नळी आत सरकवतात. तुंबलेलं पित्त बाहेर लावलेल्या पिशवीत यायला लागतं. पू झालेला असेल तर तोही निघतो. नळीत पू होऊन अत्यवस्थ झालेल्या रुग्णाचा जीव याच छिद्राने वाचू शकतो. खडा काढायचं नंतर बघता येतं, आधी तुंबलेलं सोडणं महत्त्वाचं.

हे काम सर्जन किंवा पोटाचे डॉक्टर सहसा करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. रेडिओलॉजिस्ट म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन बघणारे डॉक्टर. त्यातले काहीजण पुढे शिकून फक्त फोटो बघत नाहीत, तर फोटोच्या आधाराने सुई-तार घालून उपचारही करतात. या शाखेची सुरुवात १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत झाली असं मानतात. चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईच्या पायाची बंद रक्तवाहिनी आतून नळी घालून मोकळी केली. सर्जनने पाय कापायला सांगितलं होतं, बाईने नकार दिला होता. तिचा पाय वाचला. पुढे १९७० च्या दशकात बर्हेन नावाच्या रेडिओलॉजिस्टने ऑपरेशननंतर पोटावर ठेवलेल्या नळीच्या वाटेने मागे राहिलेले खडे टोपलीत पकडून काढायची पद्धत रूढ केली. दुसऱ्यांदा पोट फाडायची वेळ टळली.

मग दुर्बीण रेडिओलॉजिस्टच्या हातात कशी आली?

इतकी वर्षं रेडिओलॉजिस्ट सावली बघून काम करत आले. एक्स-रेच्या पडद्यावर नळीत काळा-पांढरा ठिपका दिसतो. तो खडा आहे, हवेचा बुडबुडा आहे, रक्ताची गुठळी आहे की छोटी गाठ आहे हे सावलीवरून दर वेळी सांगता येत नाही. नळी आकसलेली दिसते, पण साध्या सुजेने आकसली की कॅन्सरने, हे सावली सांगत नाही.

म्हणून आता बरगडीखाली तयार केलेल्या वाटेने साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत घालतात. टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. शेजारच्या बारीक वाटेतून सलाइन सोडून आतली जागा स्वच्छ ठेवतात आणि त्याच वाटेने हत्यार आत जातं. खडा डोळ्यांसमोर दिसतो. लेझरने किंवा विजेच्या ठिणगीने तो जागेवर फोडतात. तुकडे टोपलीत काढतात किंवा धुऊन खाली आतड्यात ढकलतात. गाठीसारखं काही दिसलं तर नेमका तिथलाच तुकडा तपासणीला घेतात.

हे एका दिवसाचं काम नाही. पहिल्या दिवशी फक्त बारीक नळी बसवून पित्त सोडतात. ताप उतरला, काविळीचा आकडा खाली आला की पुढच्या काही आठवड्यांत जास्त जाड नळ्या बदलत वाट रुंद आणि पक्की करतात. वाट पक्की झाली की दुर्बीण घालतात. खडे पुष्कळ असतील तर दोन-तीन वेळा जावं लागतं. शेवटी नळी स्वच्छ झाल्याची खात्री झाली की बाहेरची नळी काढतात आणि छिद्र आपोआप भरतं. बऱ्याच घरांना वाटतं की पहिल्याच दिवशी खडा निघेल. तो निघाला नाही की डॉक्टरवरचा विश्वास उडतो आणि उपचार अर्धवट राहतो. म्हणून टप्पे आधीच विचारून घ्यावेत.

जपान आणि कोरियात यकृताच्या आतले खडे पुष्कळ सापडतात, त्यामुळे तिथे ही पद्धत अनेक दशकांपासून आहे. आपल्याकडे हे काम मोठ्या शहरांतल्या, पूर्ण विभाग असलेल्या रुग्णालयांतच होतं. ज्यांचं वय किंवा हृदय ऑपरेशन सोसणार नाही अशा काही रुग्णांच्या पित्ताशयातले खडेही याच पद्धतीने काढता येतात, पण पित्ताशय आत राहत असल्याने खडे परत होऊ शकतात. ज्याला ऑपरेशन झेपतं त्याने पित्ताशय काढून घेणंच बरं.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. तोंडातून जमत असेल तर तीच वाट आधी. बरगडीखालची वाट ज्यांना दुसरा इलाज नाही त्यांच्यासाठी. कुठली वाट घ्यायची हे पोटाचे डॉक्टर, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट मिळून ठरवतात. कधी कधी दोघे मिळूनही काम करतात: एकजण वरून तार सोडतो, दुसरा खालून दुर्बिणीने ती पकडतो.

धोके काय?

धोका नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ईआरसीपीनंतर शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. बहुतेकांची थोड्या दिवसांत उतरते, काहींची गंभीर होते. झडपेच्या छेदातून रक्त येऊ शकतं.

बरगडीखालच्या वाटेत यकृतातून रक्तस्राव होणं, पित्त पोटात गळणं, जंतुसंसर्ग होऊन थंडी-ताप येणं आणि नळी सरकून निघणं हे मुख्य धोके. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दम्याचा किंवा औषधाच्या ॲलर्जीचा त्रास असेल, बाई गरोदर असेल तर आधी सांगायलाच हवं.

नळी-पिशवी घेऊन घरी आल्यावर

खरी परीक्षा इथून सुरू होते, कारण रुग्ण पाड्यावर आणि डॉक्टर शंभर किलोमीटरवर. म्हणून घरच्या एका माणसाने सुट्टी होण्याआधी परिचारिकेकडून सगळं करून बघून शिकून घ्यावं.

– पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवा. खाटेला बांधताना नळी ताणली जाणार नाही, दुमडणार नाही हे बघा.
– पिशवीत रोज किती पित्त आलं आणि रंग कसा होता ते वहीत लिहा. पिवळं-हिरवं ठीक. लाल, गढूळ किंवा घाण वासाचं आलं तर फोन करा.
– एकदम काहीच येईना झालं, तर नळी बंद झाली किंवा सरकली असू शकते. वाट बघत बसू नका.
– नळी धुवायला सांगितली असेल तर फक्त निर्जंतुक सलाइन वापरा. विहिरीचं किंवा बोअरचं उकळलेलं पाणीही नको. जोर लावू नका, मागे ओढू नका.
– पित्त बाहेर गेलं की अंगातलं पाणी आणि मीठही जातं. डॉक्टरांना विचारून ओआरएस किंवा पेज घेत राहा.
– छिद्राची जागा कोरडी ठेवा. समुद्रात, खाडीत, तळ्यात उतरायचं नाही. ताडावर किंवा चिकूच्या झाडावर चढणं, जड पाट्या उचलणं पूर्ण बंद.
– नळी निघाली तर स्वतः परत घालू नका. स्वच्छ पट्टी लावून लगेच रुग्णालय गाठा. ताजी वाट काही तासांत बंद होते.
– थंडी वाजून ताप आला तर घरी गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका.

नळी जास्त दिवस ठेवायची असेल तर साधारण दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. आत प्लास्टिकचा स्टेंट असेल तर तोही साधारण तीन महिन्यांत बदलावा किंवा काढावा लागतो. हा स्टेंट बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस विसरतो. मग तो चोक होतो आणि कावीळ परत येते. सुट्टीच्या कागदावर स्टेंटची तारीख लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये आठवण लावा.

कुठे जायचं, खर्चाचं काय?

पहिली पायरी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय किंवा डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे रक्त तपासून सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू करून घेणं आणि पुढची चिठ्ठी घेणं महत्त्वाचं. ताप-कावीळ एकत्र असेल तर १०८ ला फोन करा. ईआरसीपी किंवा बरगडीखालची नळी आपल्या तालुक्यात होण्यासारखी नाही, त्यासाठी मोठं रुग्णालय लागतं. मुंबईत परळला केईएम आणि टाटा मेमोरियल ही रुग्णालयं जवळजवळ आहेत. टाटा कॅन्सरच्या रुग्णांसाठी. डहाणू रोडहून लोकलने प्रभादेवीला उतरलं की तिथून पोचता येतं. बोर्डी-झाईकडचे पुष्कळ लोक वापी-वलसाडलाही जातात.

नुसतं जाण्यापेक्षा दोन प्रश्न फोनवर विचारून निघा: "तुमच्याकडे ईआरसीपी होते का? आणि ती जमली नाही तर पीटीबीडी करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहेत का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल, तर रुग्णाला अर्ध्या उपचारात पुन्हा गाडीत घालून दुसरीकडे न्यायची वेळ येऊ शकते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयातच आणि यादीत असलेल्या उपचारालाच पैसे मिळतात. म्हणून रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि आपला उपचार यादीत बसतो का ते विचारा. फुले योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मानचा १४५५५. गुजरातमध्ये जाणार असाल तर आपलं कार्ड तिथल्या रुग्णालयात चालेल का हे निघण्याआधीच विचारून घ्या. रेशनकार्डावर नाव चुकलेलं असेल तर आजच दुरुस्त करून घ्या, आजारपणात तहसीलला चकरा मारायला कुणाला वेळ नसतो.

माळ, भगत आणि वेळ

माळ घालण्याने कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते माळ लांबायची वाट बघत बसल्याने. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, पण ती कावीळ नव्हे. आंब्याच्या सालीचा रस हाताला लागलेला असला की चुन्याच्या पाण्यात पिवळा रंग उतरतो, मग हात निरोगी माणसाचे का असेनात. डाग देणं आणि नाकात औषधं ओतणं मात्र थेट घातक आहे.

भगतावर घराची श्रद्धा असेल तर त्यांच्याकडे जरूर जा, पण रक्त आणि सोनोग्राफी आधी करून घ्या. पाड्यावरच्या भगतांनीही एवढंच करावं: डोळे पिवळे असलेल्या माणसाला शौचाचा रंग आणि ताप विचारावा. शौच पांढरट किंवा थंडी-ताप असं उत्तर आलं तर त्याला त्याच पावली दवाखान्याचा रस्ता दाखवावा. त्यांचं लोक ऐकतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा त्यांच्या एका शब्दाने माणूस लवकर हलतो.

पित्ताची नळी पेन्सिलीपेक्षा बारीक असते. ती मोकळी करायचे दोन-तीन मार्ग आज आहेत, मुंबईपर्यंत गाडी आहे, योजनेचं कार्ड आहे. कमी पडतो तो वेळ. घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले तर आज रात्रीच विचारा: शौचाचा रंग कसा आहे?

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)